उशिरा आलेला उमेदवार

शेवगाव-पाथर्डी मतदारसंघात ‘तिकीट कुणाला?’ हा विषय बारमाही चालतो आणि नाव मात्र अर्ज भरायच्या आठवड्यात कळतं. उमेदवार घोषित होण्याच्या या शेवटच्या क्षणाबद्दल मी दोघांना बोलतं केलं. एक मामा. बोधेगाव पट्ट्यात त्यांनी अनेक निवडणुकांत बूथ सांभाळले आहेत आणि मतदारयादीतली नावं त्यांना घरांसकट पाठ आहेत. दुसरी त्यांची भाची. ती पुण्यात राज्यशास्त्र शिकवते, पण मत अजून गावातच टाकते. दोघांचाही जीव या विषयात आहे, त्यामुळे आवाज चढले. जिथे मला गप्प बसवलं नाही तिथे मीही मध्ये बोललो आहे.

भाची: मामा, उशिरा उतरलेल्या उमेदवाराला लोकांनी पाडलंच पाहिजे, असं तुम्ही म्हणता. एवढा राग कशाचा? लोकशाहीत दार शेवटपर्यंत उघडं असावं की.

मामा: दार उघडं असू दे, पण त्यानं आम्हाला बघायला वेळ दिला पाहिजे. २०२४ ची विधानसभा घे. १५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली. २२ ते २९ अर्ज, ३० ला छाननी, ४ नोव्हेंबरला माघार. १८ ला संध्याकाळी प्रचार थांबला आणि २० ला मतदान. म्हणजे खरा सामना कुणाकुणात आहे हे कळल्यावर हातात दिवस किती? चौदा. त्यात अर्ज आणि माघारीच्या मध्ये दिवाळी. १ तारखेला लक्ष्मीपूजन, ३ ला भाऊबीज. कोण कुणाच्या दारात जाणार? मुंगीच्या गोदाकाठापासून मोहट्याच्या डोंगरापर्यंत तीनशेहून जास्त मतदान केंद्रं आहेत. चौदा दिवसांत माणूस गाडीतून हात हलवत जाऊ शकतो, कुणाला उत्तर देऊ शकत नाही.

भाची: चौदा दिवस सगळ्यांना सारखेच होते.

मामा: कागदावर सारखे. २०२४ ला इथे मुख्य लढत तिघांत झाली. मोनिका राजळे भाजपच्या, प्रताप ढाकणे शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे आणि माजी आमदार चंद्रशेखर घुले अपक्ष. तिघांच्या घराण्यांच्या मागे एकेक साखर कारखाना आहे. राजळेंचा आदिनाथनगरचा वृद्धेश्वर, ढाकण्यांचा बोधेगावचा केदारेश्वर, घुल्यांचा भेंड्याचा ज्ञानेश्वर. तिथे गावागावात सभासद, स्लिप बॉय, चिटबॉय, सोसायटीचे चेअरमन. त्यांना १४ दिवस काय, चार दिवस दिले तरी यंत्रणा उभी आहे. ज्याच्याकडे हे नाही, त्याला चौदा दिवस म्हणजे काहीच नाही.

भाची: मग तुमचा राग उशिरा येणाऱ्यावर आहे की कारखाना नसणाऱ्यावर?

मामा: माझा राग ज्याला आपली पाच वर्षांत आठवण झाली नाही त्याच्यावर आहे. ताजनापूरची उपसा योजना किती वर्षं भिजत पडली? जायकवाडीचा फुगवटा तालुक्याला खेटून आहे आणि शेवगाव शहरात रोज नळाला पाणी नाही. हे प्रश्न उमेदवाराला उभं करून विचारायचे असतात, मग त्याचं उत्तर चार जणांत चघळायचं असतं. पारावर, दूध घालायला गेल्यावर, दशक्रियेला. मत असं बनतं. शेवटच्या आठवड्यात आलेला माणूस या सगळ्यातून सुटतो.

भाची: मग नेवासा बघा. शेजारचाच तालुका. विठ्ठलराव लंघे भाजपचे, ऐन ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ते शिंदेंच्या शिवसेनेत गेले, धनुष्यबाण घेतला आणि शंकरराव गडाखांना हरवून आमदार झाले. संगमनेर तर त्याहून मोठं. अमोल खताळ त्याच आठवड्यात शिवसेनेत आले. समोर बाळासाहेब थोरात, १९८५ पासून सलग निवडून येणारे. निकाल? खताळ १०,५६० मतांनी विजयी. आता सांगा, उशीर कुठे नडला?

मामा: ते दोघे उशिरा आले हे तुला कुणी सांगितलं? चिन्ह उशिरा आलं, माणसं नाही. लंघे जिल्हा परिषदेचे अध्यक्ष राहिलेले आहेत, नेवाशात त्यांना ओळखत नाही असं घर शोधावं लागेल. खताळ निराधार योजनेच्या समितीचं काम करत गावोगाव फिरलेले, आणि मागे विखे घराण्याची फळी आधीपासून उभी. पक्षाच्या बी फॉर्मवर नाव शेवटी लिहिलं एवढंच.

भाची: मग आपली लोकसभेची जागाही त्याच मापाने मोजा. २०१९ ला सुजय विखे १२ मार्चला भाजपमध्ये आले. वडील त्या वेळी विधानसभेत काँग्रेसचे विरोधी पक्षनेते. दिलीप गांधी विद्यमान खासदार होते, त्यांचं तिकीट गेलं. मतदान २३ एप्रिलला. सव्वा महिन्यात सुजय विखे पावणेतीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आले. पाच वर्षांनी नीलेश लंके. मार्चच्या अखेरीस आमदारकीचा राजीनामा दिला, शरद पवारांकडे गेले, १३ मेला मतदान झालं आणि त्याच सुजय विखेंना २८,९२९ मतांनी हरवलं.

मामा: लंक्यांचा प्रचार मार्चमध्ये सुरू झाला असं तुला वाटतं? तो कोविडात, भाळवणीच्या उपचार केंद्रात सुरू झाला. माणूस रुग्णांत झोपत होता, हे सगळ्या जिल्ह्याने मोबाईलवर पाहिलं. कुणी त्याला नाटक म्हणो, कुणी सेवा म्हणो, लोकांनी ते लक्षात ठेवलं. पोरी, मी हेच सांगतोय. उशीर तारखेने मोजायचा नसतो.

इथे मला मध्ये बोलायचं आहे. मामांचं हे म्हणणं खरं आहे, आणि म्हणूनच ते फार अवघड जागी नेऊन सोडतं. उशीर जर ओळखीने आणि यंत्रणेने मोजायचा असेल, तर साखर कारखान्याच्या घरातला मुलगा अर्जाच्या आदल्या रात्री आला तरी वेळेवर असतो. आणि चापडगावच्या शाळेतला एखादा शिक्षक दोन वर्षं आधी कामाला लागला तरी उशिराच असतो. त्याला वेळेवर येण्याचा रस्ताच आखलेला नाही. भाचीने नेमकं तेच पकडलं.

भाची: तुम्ही म्हणता ते मान्य करते, पण मग नव्या माणसाने यायचं कधी? पक्षाकडे मुलाखत दिली की ‘बघू’ म्हणतात. जागा आपल्याकडे की मित्रपक्षाकडे, हे मुंबईत ठरतं. तोवर हा बिचारा गावात सांगू शकत नाही की मी अमुक पक्षाचा, आणि अपक्ष आहे असंही सांगू शकत नाही, कारण तसं बोललं की पक्ष नाव कापतो. त्याला उशीर होत नाही, त्याला उशीर करायला लावतात. मग २९ तारखेला दुपारी कळतं की बी फॉर्म दुसऱ्याला गेला. पुढे काय होतं ते तुम्ही तहसीलला पाहिलंय. मला ते सांगा.

मामा: पाहिलंय ना. तीन वाजेपर्यंत आवारात असायला हवं. ए आणि बी फॉर्म शाईच्या सहीचे लागतात, झेरॉक्स चालत नाही, मोबाईलवरचा फोटो तर नाहीच. तो कागद पुण्या-मुंबईहून गाडीने यायचा असतो, त्यामुळे एक डोळा घड्याळावर आणि एक रस्त्यावर. पक्षाचा माणूस असेल तर एक सूचक पुरतो. फॉर्म दुसऱ्याला गेला आणि अपक्ष भरायचा ठरलं की दहा सूचक लागतात, तेही याच मतदारसंघातले मतदार. प्रत्येकाचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक बिनचूक. अनामत दहा हजार. शपथपत्रात एकही रकाना कोरा ठेवायचा नाही, काही नसेल तर ‘निरंक’ लिहायचं. कोरा राहिला, अधिकाऱ्याने नोटीस देऊनही भरला नाही, की अर्ज बाद. निवडणूक खर्चाचं वेगळं बँक खातं आदल्या दिवशीपर्यंत उघडलेलं हवं. आता सांग, ज्याला दुपारी बारा वाजता कळलं की आपलं तिकीट गेलं, तो हे सगळं तीन वाजेपर्यंत कसं करणार?

भाची: म्हणून जाणते लोक आधीच दोन अर्ज तयार ठेवतात.

मामा: जाणते ठेवतात. नव्याला हे माहीतच नसतं. आणि एवढं करून तो अपक्ष राहिला तरी चिन्ह ४ तारखेच्या दुपारनंतर. मोकळ्या चिन्हांच्या यादीतली तीन लिहून द्यायची, दोघांनी एकच मागितलं तर चिठ्ठी. मशीनवर नाव मान्यताप्राप्त पक्षांच्या खाली, नोंदणीकृत पक्षांच्याही खाली. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका बटण चिन्हावर दाबतात, नावावर नाही. चौदा दिवसांत नवं चिन्ह त्यांच्या डोळ्यांत बसवायचं. घुल्यांसारख्या माजी आमदाराला अपक्ष म्हणून जवळपास ५८ हजार मतं पडली, तरी ते तिसरे. त्यांचं जर असं, तर तुझ्या त्या शिक्षकाचं काय?

भाची: कोल्हापूर उत्तरचं काय झालं ते त्याचंच टोक. काँग्रेसने राजेश लाटकरांचं नाव जाहीर केलं, विरोध झाला म्हणून बदलून मधुरिमाराजे छत्रपतींना दिलं, आणि त्यांनी ४ नोव्हेंबरला मुदत संपता संपता अर्ज मागे घेतला. त्या मतदारसंघात पंजाच उरला नाही. पक्षाला शेवटी अपक्ष लाटकरांच्या प्रेशर कुकर या चिन्हाचा प्रचार करावा लागला. ते हरले. इतक्या जुन्या पक्षाच्या मतदाराला मशीनवर स्वतःचं चिन्ह सापडू नये, ही कुणाची चूक?

मामा: नेत्यांची. त्याबद्दल माझं दुमत नाही. पण एक गोष्ट तू विसरतेस. हे सगळं हमरीतुमरीचं बोलणं गावात राहणाऱ्यांसाठी आहे. आमच्या पूर्वेकडची गावं आणि पाथर्डीचा डोंगरपट्टा ऊसतोडीला जातो. २०२४ चा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि मतदान २० ला. मुकादमाची उचल घेतलेली असते, दिवाळी झाली की ट्रक लागतो. कोयता, म्हणजे तोडणीचं जोडपं, कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत पोहोचलेलं असतं तेव्हा इथे उमेदवाराच्या प्रचाराचा नारळ फुटतो. त्या जोडप्याने उमेदवार बघायचा कधी? त्याला मतदानाच्या दिवशी गाडीत घालून आणतात, आणि गाडी ज्याची मत त्याचं, असा हिशोब मांडतात. मी ते डोळ्यांनी पाहिलंय आणि मला त्याची चीड आहे. उशिरा ठरलेल्या उमेदवाराची सगळ्यात मोठी किंमत हे लोक देतात.

(हे बोलताना मामांनी यादीतल्या एका घराची सात नावं एका दमात सांगितली. सातही जण मतदानाच्या आठवड्यात कारखान्यावर होते, आणि त्यातले तीन मतदानाला आले.)

भाची: म्हणूनच मी प्रायमरी म्हणते. पक्षाच्या सभासदांनी मतदान करून उमेदवार ठरवायचा, महिनोन्‌महिने आधी. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाला तसंच होतं. तिथे उशिरा येणाऱ्याला कसा धडा मिळतो ते मायकल ब्लूमबर्गला विचारा. न्यूयॉर्कचे माजी महापौर, अब्जाधीश. २४ नोव्हेंबर २०१९ ला उतरले, तेव्हा इतर जण वर्षभर आयोवात घरोघर फिरत होते. अलाबामात अर्जाची मुदत ८ नोव्हेंबरलाच होती, म्हणून घोषणेआधीच तिथे नाव नोंदवावं लागलं. पहिली चार राज्यं त्यांनी सोडून दिली आणि जाहिरातींवर भर दिला. शंभर कोटी डॉलरहून जास्त खर्च केले. ३ मार्च २०२० ला चौदा राज्यांत एकदम मतदान झालं आणि त्यांच्या वाट्याला विजय आला तो फक्त अमेरिकन सामोआ या छोट्या बेटसमूहात. दुसऱ्या दिवशी माघार.

मामा: ऐकून बरं वाटलं.

भाची: तिथेही पूर्वी आपल्यासारखंच होतं, हे ऐका. १९६८ ला ह्यूबर्ट हम्फ्री एप्रिलच्या अखेरीस उतरले, एकही प्रायमरी लढले नाहीत, आणि तरी शिकागोच्या अधिवेशनात पक्षाच्या पुढाऱ्यांनी त्यांनाच उमेदवार केलं. बाहेर रस्त्यावर पोलीस तरुणांना झोडपत होते. ज्यांनी प्रायमऱ्यांत मतं दिली होती त्यांना वाटलं, आपल्याला विचारलंच नाही. हम्फ्री निक्सनकडून हरले. त्यानंतर पक्षाने नियम बदलले आणि १९७२ पासून प्रायमरी हाच मुख्य रस्ता झाला. तिथल्या लोकांना हे आयतं मिळालं नाही, भांडून मिळालं.

मामा: इथे झाला होता की तो प्रयोग. पेपरात वाचलं होतं मी.

भाची: झाला. २०१४ च्या लोकसभेला राहुल गांधींनी देशातल्या मोजक्या मतदारसंघांत करून पाहिला, त्यात आपल्याकडचे वर्धा आणि लातूर. वर्ध्यात सागर मेघे आणि चारुलता टोकस यांच्यात लढत झाली, मेघे जिंकले. लातूरला दत्तात्रय बनसोडे. दोघेही पुढे भाजपकडून हरले आणि प्रयोगच बासनात गेला.

मामा: आणि मेघे कोण? विद्यमान खासदारांचे चिरंजीव. मतदार कोण? पदाधिकारी. हे मी म्हणतोय तेच झालं. शेवगावात प्रायमरी घे, सभासद नोंदणीची पुस्तकं कारखान्याच्या गटऑफिसात लिहिली जातील. मार्केट कमिटीच्या आणि सोसायटीच्या निवडणुका मी बघितल्यात. मतदार चार दिवस सहलीला नेतात, मोबाईल काढून घेतात. तिथे मतदार हजार-दोन हजार असतात. तू म्हणतेस ती प्रायमरी तेवढीच असली, तर तुझा शिक्षक तिथेच संपेल. आधी हरेल आणि नंतर त्याला अपक्षही उभं राहता येणार नाही, कारण पक्षाशी गद्दारी केली म्हणतील.

भाची: म्हणजे तुम्ही म्हणता, आहे तेच बरं?

मामा: मी तसं म्हणत नाही. आहे ते वाईटच. पण दार मोठं केल्याशिवाय वेळ लवकर आणून उपयोग नाही.

इथे दोघेही थोडे थांबले, आणि मला वाटतं वादाचं खरं मर्म इथेच आहे. भाचीला तारीख लवकर हवी आहे, मामांना मतदार जास्त हवे आहेत. दोन्ही एकदम झालं नाही तर दोन्ही फसतं. लवकर ठरलेला उमेदवार दोनशे माणसांनी निवडला, तर तो उशिरा ठरलेल्या उमेदवाराइतकाच लोकांपासून लांब. आणि सगळ्या मतदारांना विचारायचं म्हटलं तर चौदा दिवसांत ते होत नाही. माझं स्वतःचं मत भाचीकडे झुकतं. जिथे उमेदवार निवडण्याची पायरी मतदारापासून पूर्ण लपवलेली आहे, तिथे ती उजेडात आणण्याचा कोणताही प्रयत्न, कितीही लंगडा असला, तरी केला पाहिजे. वर्ध्याचा प्रयोग हरला म्हणून बंद केला, हे मला अजून खुपतं. एका लाटेच्या निवडणुकीत दोन जागा गेल्या म्हणून एखादी रीत चुकीची ठरत नाही.

भाची: बरं, दार मोठं करू. सभासद नको, त्या मतदारसंघातला कुणीही मतदार. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक गटात इच्छुकांनी एकाच व्यासपीठावर उभं राहायचं. बोधेगाव, दहिगाव-ने, भातकुडगाव, तिकडे पाथर्डीतले गट. ताजनापूरवर बोला, पाण्यावर बोला, कापसाच्या भावावर बोला. मग मतदान.

मामा: तारीख?

भाची: निवडणुकीच्या तीन महिने आधी.

मामा: महिन्यांचं नको सांगू. दसऱ्याच्या आत. ऊसतोडीच्या टोळ्या गावात असताना. कोयता बांधायच्या आधी त्या बाईला उमेदवार दिसला पाहिजे, आणि तिने विचारलं पाहिजे की माझ्या पोराची शाळा सहा महिने बुडते त्याचं तू काय करणार. एवढं होणार असेल तर मी स्वतः बोधेगावात सतरंजी टाकतो.

भाची: म्हणजे प्रायमरी मान्य?

मामा: तारीख मान्य. पैशाचं सांग. आता निवडणुकीत आमदारकीला ४० लाखांची मर्यादा आहे, तरी काय होतं ते आपण बघतो. तू त्याआधी आणखी एक निवडणूक लावतेस. गरिबाचा पोरगा दोनदा खर्च कुठून करणार?

भाची: ते ४० लाख कधीपासून मोजतात माहीत आहे ना? अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालापर्यंत. त्याआधी दोन वर्षं जो फ्लेक्स लावतो, देवदर्शनाच्या बस सोडतो, भिशी नि भंडाऱ्याला पैसे देतो, तो उमेदवार म्हणून हिशोबात येतच नाही. कायद्याच्या नजरेत तो अजून इच्छुकही नाही. पहिली निवडणूक आजही होतेच, मामा, फक्त तिची पावती नाही. मला ती पावती हवी आहे. ज्या दिवशी माणूस जाहीरपणे म्हणेल की मी इच्छुक आहे, त्या दिवसापासून त्याची वही उघडा.

मामा: आणि जो म्हणणारच नाही? जो शेवटच्या दिवशी वरून बी फॉर्म घेऊन येईल?

भाची: त्याला पक्षाने तो फॉर्म द्यायचा नाही. ज्याने दसऱ्याआधी लोकांसमोर नाव सांगितलं नाही, त्याचं नाव ए-बी फॉर्मवर चालणार नाही, असा नियम करा. अपक्ष म्हणून दार त्याला उघडंच राहील.

मामा: हा नियम करणार कोण? ज्यांना शेवटच्या दिवशी फॉर्म देण्यातच सगळी ताकद आहे, तेच ना?